टेली-मानस १४४१६ : पहिला फोन उत्तम, पुढची घडी मात्र आपण बसवायची

अंबडच्या कारखान्यातली दुसरी पाळी संपवून रात्री बाराला घरी आलेला माणूस झोप येत नाही म्हणून छताकडे बघत पडतो, तेव्हा नाशिकमधली एकही मानसोपचार ओपीडी उघडी नसते. टेली-मानस या मानसिक त्रासासाठीच्या सरकारी फोन सेवेचं मोल अशा वेळी कळतं. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ही सेवा सुरू केली. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्यावरची केंद्रीय संस्था तिची मुख्य संस्था. फोन चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. नंबर १४४१६, तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६.

फोन लावला की आधी भाषा निवडायची, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. साध्या बटणाच्या मोबाइलवरूनही हे होतं, इंटरनेट लागत नाही. सुरगाणा-पेठकडच्या पाड्यांवर व्हिडिओ अडखळतो, तिथे याचा मोठा आधार आहे. फोन करण्याआधी कागदावर पाच-सहा गोष्टी टिपून ठेवाव्यात: त्रास कधीपासून आहे, झोप किती तास लागते, जेवण जातं का, कामावर जाणं होतं का, कोणती गोळी चालू आहे, दारू-तंबाखू किती. रडू फुटलं की हेच आठवत नाही आणि बोलणं भलतीकडे जातं. जिवाला धोका आहे असं वाटत असेल तर भाषा निवडत बसू नका, सरळ १०८ किंवा ११२ लावा आणि त्या माणसाजवळ थांबा.

मराठीचा मुद्दा वाटतो त्याहून मोठा आहे. आपल्याकडे ‘मला डिप्रेशन आहे’ असं म्हणत फोन करणारे थोडे. बाकीचे म्हणतात, ‘कशातच राम वाटत नाही’, ‘छातीत धडधडतं’, ‘डोकं भणभणतं’, ‘कुठंतरी निघून जावंसं वाटतं’. यातलं शेवटचं वाक्य ऐकल्याबरोबर जाणत्या समुपदेशकाने थांबायला हवं आणि मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारायला हवं. असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते विचार भरत नाहीत, उलट बोलणाऱ्याला मोकळं वाटतं. तुमच्याशी बोलणाऱ्याने हे विचारलं तर घाबरू नका, तो त्याचं काम नीट करतोय.

आता उणी बाजू. फोनवर मिळतो तो धीर आणि दिशा. त्याला थेरपी म्हणता येणार नाही. पॅनिकचे झटके किंवा जुनी उदासी यांवर कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी) घ्यायची तर साधारण आठ ते बारा बैठका लागतात, त्याही एकाच व्यक्तीबरोबर, दर आठवड्याला घरचा अभ्यास करून. १४४१६ वर पुढच्या वेळी तोच आवाज भेटेल याची खात्री नसते. सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि तिसऱ्यांदा सांगताना माणूस कंटाळून फोन ठेवतो. म्हणून पहिलाच फोन ठेवण्याआधी दोन प्रश्न विचारा: मला मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे का, आणि माझ्या जिल्ह्यात कुठे जाऊ? या सेवेची दुसरी पायरी तज्ज्ञ डॉक्टरांची आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची आहे, पण तिथवर जायला मागे लागावं लागतं. नाशिककरांना त्र्यंबक रोडचं सिव्हिल जवळ आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. टिपणाचा कागद तिथेही न्या.

पैसे देऊन व्हिडिओवर थेरपी घ्यायची असेल तर एका बैठकीचे साधारण आठशे ते दोन हजार रुपये धरा. वेळ ४५ ते ५० मिनिटं. दहा बैठकांचं पॅकेज आधी घेऊ नका, दोन बैठका करून बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे, तो मागण्यात संकोच नको. आमची कसोटी याहून सोपी आहे: पहिल्या बैठकीत त्यांनी तुम्ही आत्ता कुठे बसला आहात आणि जवळच्या कुणाचा फोन नंबर द्याल का, हे विचारलं का? मध्येच काही बिघडलं तर मदत पाठवायची कुठे, हे ज्याला सुचत नाही त्याच्याकडे दुसरी बैठक घेऊ नये. गुप्ततेचंही बघा. अमेरिकेत बेटरहेल्प या मोठ्या कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटला पुरवल्याबद्दल २०२३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगासोबतच्या तडजोडीत ७८ लाख डॉलर भरायचं मान्य केलं. ॲप टाकताना संपर्क यादीची परवानगी मागितली तर नाकारा.

खरी अडचण खोलीची. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात सासू पलीकडे भाजी निवडत असेल तर सुनेच्या तोंडून मुद्द्याचं काहीच बाहेर पडत नाही, आणि थेरपिस्टला वाटतं पेशंट सहकार्य करत नाही. हेडफोनमुळे पलीकडचा आवाज झाकला जातो, आपला नाही. दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ लावा, नाहीतर उभ्या गाडीत बसा, आणि ‘आज मोकळं बोलता येत नाही’ यासाठी एक शब्द आधी ठरवा. त्या दिवशी थेरपिस्टने हो-नाहीत उत्तर येईल असेच प्रश्न विचारायचे.

शांततेचंही तसंच. समोरासमोर बसलं की थेरपिस्ट गप्प राहतो आणि त्या गप्पपणात पेशंटला काहीतरी सुचतं. व्हिडिओवर तीच शांतता नेटवर्क गेल्यासारखी वाटते, ‘हॅलो, ऐकू येतंय ना?’ होतं आणि ओठावर आलेलं निसटतं. विचार करताना एक बोट वर धरायचं एवढं ठरवलं तरी निभतं. व्हिडिओ फारच अडखळला तर बंद करून नुसत्या आवाजावर या. तासाला अर्धा ते एक जीबी डेटा जातो तो वाचतो आणि बोलणंही सलग होतं.

गोळ्यांबाबत बऱ्याच जणांची निराशा होते. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतली आणि अमली पदार्थांच्या कायद्यातली औषधं ऑनलाइन लिहून देता येत नाहीत. झोपेसाठी लोक मागतात ते अल्प्राझोलाम त्यातच येतं, मुलांच्या एडीएचडीवरचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) मिथाइलफेनिडेटही. डॉक्टरने नाही म्हटलं तर तो टाळतोय असं समजू नका. त्यासाठी प्रत्यक्षच जावं लागतं.

चॅटबॉटची गंमत दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत आहे: श्वासाचा व्यायाम, मनातल्या विचारांची नोंद. बंगळुरूचा वायसा हा चॅटबॉट त्यासाठी बरा. पण सगळ्या नोंदी एकाच ॲपवर सोपवू नका; वोबॉट हे असंच गाजलेलं चॅटबॉट ॲप ३० जून २०२५ ला बंद झालं. शिवाय निफाडचा द्राक्षवाला ‘उरकलं एकदाचं’ म्हणतो तेव्हा ते छाटणीबद्दल आहे की स्वतःबद्दल, हे त्याच्या आवाजावरून आणि पुढच्या प्रश्नावरून ठरतं. असं वाक्य तोंडात येत असेल त्या रात्री चॅटबॉट बंद करून १४४१६ लावा.