एसपीसी सांगून साधं लॅमिनेट बसवलं, वुडन फ्लोअरिंग करायच्या आधी हे वाचा

नाशिकमध्ये ज्यांच्या घराचं काम चालू आहे आणि वुडन फ्लोअरिंग करायचा विचार आहे त्यांच्यासाठी लिहितेय, थोडं मोठं होईल पण पूर्ण वाचा. हॉलची नक्षी बदलली ती वेगळी गोष्ट, पण ओकचा रंग, रेषा आणि मॅट फिनिश पसंत केलं तेच मिळालं. खरी फसवणूक झाली ती डिझाईनच्या खाली, पाण्याने न फुगणारं एसपीसी (दगडाची पावडर आणि प्लास्टिकचं) सांगून लाकडाच्या लगद्याचं साधं लॅमिनेट बसवलं.

आमचा फ्लॅट पाथर्डी फाट्याला. बिल्डरने बसवलेली फरशी हॉलमध्ये बऱ्याच ठिकाणी पोकळ वाजायला लागली होती, ती फोडायचा राडा नको म्हणून वरूनच क्लिकचं, म्हणजे पट्ट्या एकमेकीत अडकवायचं फ्लोअरिंग टाकायचं ठरवलं. डिझाईनवर आम्ही खूप वेळ दिला आणि तो द्यावाच. शोरूमच्या पिवळ्या लाईटमध्ये सगळंच सागवान सुंदर दिसतं, घरी दिवसाच्या उजेडात तेच लालभडक वाटतं. गडद अक्रोडी शेडवर आपल्याकडची धूळ आणि पायाचे ठसे लगेच उठून दिसतात, म्हणून शेवटी मध्यम ओक, मॅट फिनिश असं ठरलं. हॉलला हेरिंगबोन, म्हणजे पट्ट्या काटकोनात विणल्यासारख्या दिसतात ती नक्षी, आणि बेडरूमला सरळ पट्टी.

दुकानदार बोलायला एकदम गोड. काउंटरवर पाण्याच्या ग्लासात एक तुकडा बुडवून ठेवलेला, तो काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "वहिनी, हे एसपीसी आहे, यात दगडाची पावडर असते, महिनाभर पाण्यात ठेवा, काही होणार नाही." आणि ते खरंच आहे, एसपीसीमध्ये चुनखडीची पावडर आणि पीव्हीसी असतं, ते पाण्याने फुगत नाही. पण तो ग्लासातला तुकडा त्याच्या काउंटरवरच राहिला, आमच्या घरी आलं ते वेगळंच.

दोन्ही खोल्या मिळून ३३० स्क्वेअर फूट. हेरिंगबोनला कटिंग जास्त जातं म्हणून सगळ्यावर २० टक्के वेस्टेज लावून ३९६ स्क्वेअर फुटांचे पैसे घेतले, १३५ रुपयांच्या भावाने, फिटिंग धरून. खरं तर हेरिंगबोनला साधारण १० ते १५ टक्के पुरतं आणि सरळ पट्टीला ५ ते ७, बेडरूमला वीस लावायचं काही कारणच नव्हतं. आणि फिटिंगच्या दिवशी काय, तर फिटर सरळ पट्टीच घेऊन आला. हेरिंगबोनच्या क्लिकला डाव्या-उजव्या अशा दोन प्रकारच्या पट्ट्या लागतात, त्या म्हणे कंपनीकडेच शिल्लक नाहीत, सरळच छान दिसेल ताई. फोनवर दुकानदारानेही तेच सांगितलं, वेस्टेजचं नंतर ॲडजस्ट करू म्हणाला. मिस्टर अंबडला शिफ्टला, मी ऑफिसला, घरी सासूबाई. संध्याकाळी आलो तोपर्यंत सगळं बसून स्कर्टिंगसुद्धा लागलेलं, रिकामे खोके फिटर भंगारात देतो म्हणून घेऊन गेला आणि न फोडलेले दोन बॉक्स "गोडाऊनला रिटर्न". त्या रिटर्नचा एक रुपया आजपर्यंत मिळालेला नाही.

सासूबाई तेव्हा सहज बोलून गेल्या की गॅलरीतून दोन सुपल्या भरून तपकिरी भुसा काढला. नंतर दुसऱ्या एका कारागिराकडून कळलं की एसपीसी कापलं की पांढरी-करडी पावडर पडते, लाकडासारखा भुसा पडतो तो एचडीएफचा, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या लॅमिनेटचा. आणि पट्ट्या एकदा एकमेकीत अडकल्या की कडा दिसतच नाहीत, वरून तोच ओक, त्याच रेषा, तोच मॅट.

जुलैमध्ये पाऊस लागला, गॅलरीच्या स्लायडिंगच्या चॅनेलमधून थोडं पाणी आत आलं, तेही लगेच पुसलं, तरी दोन-तीन दिवसांत तिथल्या पट्ट्यांचे जॉइंट वर उचलले गेले, पायाला बोचायला लागले. तेव्हा आठवलं की कापलेला एक तुकडा सासूबाईंनी गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली ठेवला होता. तो काढला तर जाडी जवळजवळ दुप्पट, कडेला नखाने उचकटलं तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे थर सुटत होते. वरची ओकची नक्षी मात्र जशीच्या तशी!

कारण ती नक्षी म्हणजे छापील फोटो असतो हो. लॅमिनेटमध्ये कागदावर, एसपीसीमध्ये प्लास्टिकच्या फिल्मवर, आणि एकच ओक दोन्हीवर हुबेहूब छापता येतो. म्हणजे वरून बघून माल ओळखायचा प्रश्नच नाही.

दुकानदाराकडे तुकडा घेऊन गेलो तर म्हणतो तुम्ही ओलं पोछा मारला असेल. एसपीसीला ओल्या पोछ्याने काय होतं, महिनाभर पाण्यात ठेवा म्हणणारा हाच माणूस ना? मग बिल दाखवा म्हणाला. बिलावर नुसतं "वुडन फ्लोअरिंग", ना एसपीसी, ना जाडी, ना कंपनी, ना बॅच. कोटेशनवरही तेवढंच. लिहून दिलंय का, एवढं एकच वाक्य धरून बसला. माझं स्पष्ट मत आहे की हे चुकून होत नाही, खोके उचलून नेणं आणि बिल मोघम ठेवणं ही ठरवून केलेली पद्धत आहे.

म्हणून डिझाईन नक्की झालं की लगेच ॲडव्हान्स देऊ नका. बिलावर एसपीसी की लॅमिनेट, जाडी किती एमएम, एसपीसी असेल तर वरचा वेअर लेयर (झीज सोसणारा थर) ०.३ की ०.५ एमएम, लॅमिनेट असेल तर एसी३ की एसी४ (झीज सोसण्याची श्रेणी), आणि बॅच नंबर, हे सगळं लिहून घ्या, जीएसटीचं पक्कं बिल घ्या. पसंत केलेलं सॅम्पल मागे दुकानाचा शिक्का आणि सही घेऊन घरी आणा. माल आला की फिटरने हात लावायच्या आधी खोक्यावरच्या लेबलचे फोटो काढा आणि एक पट्टी उभी धरून कड बघा, करडी-पांढरी दगडी दिसली तर एसपीसी, तपकिरी भुशाची दिसली तर एचडीएफ. शंका असेल तर एक तुकडा रात्रभर बादलीत टाका, सकाळी कळतं. लॅमिनेट वाईटच असतं असं नाही, कोरड्या बेडरूमला चांगलं चालतं, पण ते लॅमिनेटच्या भावात आणि लॅमिनेट म्हणून विकावं. आणि उरलेले बॉक्स मोजून स्वतःकडे ठेवा, पुढे एखादी पट्टी खराब झाली तर त्याच बॅचची लागते.

आम्ही १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्यानंतर दुकानदाराचा पहिल्यांदा स्वतःहून फोन आला, गॅलरीजवळच्या पट्ट्या बदलून देतो म्हणाला, त्याच लॅमिनेटच्या. नाही म्हणून सांगितलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील लावायची सक्ती नाही, फक्त दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. तो फुगलेला तुकडा, पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि वेस्टेज ॲडजस्ट करतो म्हणालेला त्याचा व्हॉट्सॲप मेसेज, तिन्ही फाईलला लावलंय.