जुन्या कुबोटा ट्रॅक्टरला हायड्रॉलिक स्नो प्लाऊ: एका हिवाळ्याचा अनुभव (बराचसा फ्लोटबद्दलच, म्हणजे ब्लेड मोकळं सोडण्याबद्दल)

परवा ड्राइव्ह-वेच्या तोंडावरचा बर्फाचा ढीग काढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं पूर्ण वेळ जमिनीवर टेकलेली होती, म्हणून हे लिहायला बसलो. जानेवारीत बसलो असतो तर 'या फंदात पडू नका' एवढं एकच वाक्य लिहून मोकळा झालो असतो.

आम्ही न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूसच्या उत्तरेला राहतो. लेक ऑन्टॅरिओवरून वारा सुटला की काय होतं ते इकडच्या मंडळींना सांगायला नको. खुद्द सिरॅक्यूसमध्ये वर्षाला सरासरी दहा फुटांच्या वर बर्फ पडतो, आमच्याकडे त्याहून जास्तच. ड्राइव्ह-वे २२० फूट, खडीचा, मध्येच एक उंचवटा. गेल्या वर्षीचा बर्फ काढणारा प्लाऊवाला सीझनचे ६०० डॉलर आगाऊ घेऊन सकाळी नऊला उगवायचा. मी सातला निघतो. दारात आपला कुबोटा बी७१०० उभा असताना हे पैसे का द्यायचे, हा प्रश्न हिनेच विचारला. (आता नाही म्हणते.)

प्लाऊ जुना घेतला, ६० इंची, ३५० डॉलरला. उचलायला एक सिलिंडर, डावी-उजवी वळवायला एक. बसवण्याबद्दल एवढंच सांगतो की प्लाऊचा धक्का खालच्या फ्रेममधून थेट मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत गेला पाहिजे. नुसता पुढच्या नाकाला बोल्ट मारून चालवलात तर एखाद्या गोठलेल्या ढेकळाला ट्रॅक्टरचं नाकच हातात येईल. चॅनेल कापून फ्रेम करण्यात माझे तीन शनिवार गेले. ते काम झकास झालं, तक्रार नाही.

तक्रार व्हॉल्व्हची आहे.

हे ट्रॅक्टर ओपन सेंटर, म्हणजे पंप चालू असेपर्यंत तेल फिरतच राहतं. मध्ये प्लाऊच्या सिलिंडरांना तेल सोडणारा नवा व्हॉल्व्ह घातला की पुढे मागच्या लिफ्टला तेल मिळण्यासाठी त्याला पॉवर बियाँडची स्लीव्ह लागते आणि टाकीकडे जाणारी लाइन वेगळी काढावी लागते. ती न काढता 'आउट'चं तोंड सरळ लिफ्टला जोडलं की लिफ्टचं सगळं प्रेशर व्हॉल्व्हच्या सीलवर येतं. हे मी आधीच वाचून ठेवलं होतं, १८ डॉलरची स्लीव्ह निमूटपणे घेतली. इतकी अक्कल दाखवून पुढच्याच मिनिटाला माती खाल्ली. दोन व्हॉल्व्ह समोर होते, एक १४० चा, एक १९५ चा. १४० वाल्यावर ठळक अक्षरात 'फोर-वे'. मला वाटलं, वर, खाली, मध्ये आणि फ्लोट, झाले चार. ५५ डॉलर वाचले!

पहिला बर्फ नोव्हेंबरच्या शेवटी पडला. जमीन अजून गोठली नव्हती. ब्लेड टेकवलं आणि निघालो. उंचवट्यावर ब्लेड खडीत घुसलं, पलीकडच्या उतारावर हवेत लटकलं. लिव्हर पुढे दाबून ठेवली तर पुढची चाकंच उचलली गेली आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळ मेलबॉक्सकडे निघाला. दर दहा फुटांवर थांब, इंचभर उचल, इंचभर सोड. २२० फुटांना पाऊण तास. अंगणात खडीचा जो पट्टा गेला तो अजून तिथेच आहे, एप्रिलमध्ये दाताळ्याने ओढायचा आहे.

मी विक्रेत्याशी दोन आठवडे भांडलो. ईमेल, फोटो, फोन. फोनवरचा माणूस प्रत्येक वेळी शांतपणे तेच सांगायचा, "सर, हा फोर-वे, थ्री-पोझिशन आहे." मीही प्रत्येक वेळी तितक्याच जोरात म्हणायचो, फोर म्हणजे चार. शेवटी एका रात्री खाली बसून आकृती पाहिली. फोर-वे म्हणजे व्हॉल्व्हला चार वाटा: पंप, टाकी आणि सिलिंडरची दोन तोंडं. दांड्याच्या जागा तीनच. फ्लोटला चौथी जागा लागते. म्हणजे माणूस बरोबर होता आणि मी पंधरा दिवस त्याचं डोकं खाल्लं होतं. तरीही परत घेताना १५ टक्के कापणार, शिवाय पाठवणावळ माझी. ठेवून घेतला.

दरम्यान निफाडच्या मामांना व्हिडिओ दाखवला. आधी ते पोटभर हसले. "नांगर पुढं जुंपलाय व्हय!" मग एकदम गंभीर झाले.

"आरं, तुझं लिफ्ट खाली दाबतंय का?"

"हो मामा, दोन्हीकडून प्रेशर आहे."

"मंग कसं व्हायचं? आपलं लिफ्ट नुसतं उचलतं. सोडलं की अवजार आपल्या वजनानं बसतं, जमीन जशी जाईल तसं जातं. तू त्याला धरून ठिवलंयस. सोड की त्याला."

फ्लोट म्हणजे नेमकं हेच. सिलिंडरची दोन्ही तोंडं टाकीला उघडतात आणि ब्लेड मोकळं होतं.

१९५ चा व्हॉल्व्ह फेब्रुवारीत लावला. लिव्हर पार पुढे ढकलली की 'टक्' आवाज येऊन अडकते, हात सोडला तरी तिथेच राहते. त्या 'टक्'साठी मी अधूनमधून उगाच लिव्हर ढकलतो. पाऊण तासाचं काम आता वीस मिनिटांत होतं आणि तोपर्यंत दुसऱ्या हातातला चहा गार होत नाही.

बाकी किरकोळ. पाच फूट ब्लेड लहान पडेल असं वाटलं होतं, कारण ३० अंशांत वळवलं की रुंदी ५२ इंचच उरते. पण १६ एचपीला ओला बर्फ त्याहून जास्त ढकलवत नाही, तेव्हा मोठं घेतलं नाही ते बरंच. मागे वजन आणि चाकांना चेन हव्यातच. अँगलच्या (डावी-उजवी वळवायच्या) लाइनला क्रॉसओव्हर रिलीफ, म्हणजे धक्का बसला की जादा प्रेशर दुसऱ्या बाजूला सोडणारा व्हॉल्व्ह, मी टाळला. लायलॅकच्या खुंटाला ब्लेडचं टोक आपटलं आणि होज फुटली. बर्फावर तेलाचा हा मोठा डाग, दोन होजचे ४८ डॉलर. रिलीफ मागवलाय.

१४० वाला व्हॉल्व्ह गॅरेजमध्ये पडून आहे. तीनच महिने वापरलाय, गळत नाही. लॉग स्प्लिटरला वगैरे कोणाला हवा असल्यास ९० ला देईन, पाठवणावळ तुमची. फ्लोट नाही, आधीच सांगतो.