जुनी शेवरोले बोल्ट: एक हिवाळा, एक उन्हाळा वापरल्यावर

गाडी 2019 ची शेवरोले बोल्ट, पूर्णपणे विजेवर चालणारी. सेकंड हँड घेतलेली, रिकॉलमध्ये, म्हणजे दोषामुळे कंपनीनं गाड्या परत बोलावल्या तेव्हा, बॅटरी बदललेली. वापर न्यू जर्सीत: रोजचं ऑफिस, बाजारहाट, अधूनमधून लांबचा पल्ला. शेवरोले ज्या कंपनीची, त्या जनरल मोटर्सनं 1 जून 2009 ला दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हापासून एकच प्रश्न विचारला जातो: ही कंपनी सावरून जपानी-कोरियन गाड्यांच्या तोडीचं काही बनवेल का? बोल्ट चालवून तरी वाटतं की बनवू शकते. बनवलेलं धरून ठेवत नाही, ही खरी तक्रार.

मोटर 150 किलोवॅटची, टॉर्क 360 न्यूटन-मीटर, आणि सगळा जोर पुढच्या चाकांवर. ओल्या रस्त्यावर सिग्नल सुटताच पेडल दाबलं तर चाकं जागीच फिरतात, त्यामुळे पुढचे टायर लवकर झिजतात. दर 7,500 मैलांना टायर पुढे-मागे करून घ्यावेत, हवा 38 पीएसआय. गिअर ‘एल’वर ठेवला की पाय उचलताच गाडी आपोआप थांबते, स्टिअरिंगच्या मागचं डावं पॅडल ओढलं तर आणखी लवकर. या सुखाचा एक तोटा आहे. ब्रेक वापरलेच जात नाहीत, आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठानं डिस्क गंजतात. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर न्यूट्रलमध्ये टाकून नीट ब्रेक दाबायचे, म्हणजे पॅड डिस्कवर घासून गंज निघतो.

एका चार्जवरची रेंज मूळ 238 मैल होती. बदललेल्या बॅटरीत नव्या प्रकारचे सेल असल्यानं ती साधारण 8 टक्क्यांनी वाढते, म्हणजे 259 मैल, सुमारे 415 किलोमीटर. हे झालं कागदावर. कडाक्याच्या थंडीत, हायवेवर, हीटर लावून दीडशे ते पावणेदोनशे मैलच धरून चाला. कारण सरळ आहे: बाहेरच्या हवेतली उष्णता आत खेचणारा हीट पंप नाही, हीटर गिझरसारखा थेट विजेवर चालतो. निघण्याआधी प्लग लावलेला असतानाच गाडी गरम करून घ्यायची आणि वाटेत सीट व स्टिअरिंगच्या उबेवर भागवायचं. त्याला वीज किरकोळ लागते.

घरच्या चार्जिंगमध्ये नवखे हमखास फसतात ते इथे. साध्या 120 व्होल्टच्या सॉकेटवर गाडी आपणहून 8 अँपिअरच घेते. स्क्रीनवर जाऊन 12 अँपिअर निवडावं लागतं, आणि घराचं लोकेशन सेव्ह केलेलं नसेल तर दर वेळी. पण आधी सॉकेट आणि वायरिंग तेवढं झेपणारं आहे ना ते बघा. तरीही तासाला जेमतेम चार-पाच मैल भरतात. 240 व्होल्टवर ही गाडी 32 अँपिअर, म्हणजे 7.2 किलोवॅट घेते; त्यासाठी 40 अँपिअरचा ब्रेकर लागतो. सॉकेट लावून घेणार असाल तर स्वस्तातलं घेऊ नका. तासन्‌तास पूर्ण भार सोसताना त्याचे संपर्क सैल पडतात, तापतात आणि प्लास्टिक वितळतं. रोजची मर्यादा 80-90 टक्क्यांवर ठेवावी. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर पाय उचलल्यावरचा ब्रेकही कमी लागतो.

फास्ट चार्जिंग हे या गाडीचं दुखणं. कमाल वेग 55 किलोवॅट, तोही अर्ध्या बॅटरीपर्यंत. पुढे साधारण 38, आणि सत्तर टक्क्यांनंतर 24 च्या आसपास. बॅटरी गार असेल तर सुरुवातच तिशीत होते. चार्जर 350 किलोवॅटचा असला तरी काही फरक पडत नाही. सत्तरच्या पुढे तिथे बसून राहण्यात अर्थ नाही. प्लग काढा, पुढचा थांबा गाठा.

आता रिकॉल. बॅटरीच्या एकाच सेलमध्ये ॲनोडची (ऋण टोकाची) फाटलेली पट्टी आणि दोन टोकं वेगळी ठेवणारा पडदा, म्हणजे सेपरेटर, दुमडलेला, हे दोन्ही दोष जुळून आले तर आगीचा धोका. ऑगस्ट 2021 पर्यंत बनवलेल्या सगळ्या बोल्ट, सुमारे 1 लाख 42 हजार गाड्या, यात आल्या. सेल एलजीचे होते, आणि खर्चाचा मोठा वाटाही एलजीनंच उचलला. सेकंड हँड घेताना व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून रिकॉल पूर्ण झालाय का ते तपासा. बॅटरी बदलल्याचा कागद मागा, कारण नव्या बॅटरीची 8 वर्षं किंवा 1 लाख मैलांची वॉरंटी बदलल्या तारखेपासून मोजतात. 2020 ते 2022 च्या काही गाड्यांना बॅटरीऐवजी तपासणीचं सॉफ्टवेअर मिळालं. सॉफ्टवेअर टाकल्यावर सुमारे 6,200 मैल होईपर्यंत त्यांचं चार्जिंग 80 टक्क्यांवरच थांबतं. दोष सापडला नाही तर मर्यादा आपोआप उठते. याच मुद्द्यावर भाव पाडून घेता येतो.

देखभाल किरकोळ. केबिन फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. बॉनेटखाली कूलंटच्या तीन टाक्या आहेत. बॅटरीच्या टाकीतली पातळी खाली गेली तर चार्जिंग अडतं. 12 व्होल्टची छोटी बॅटरी जुनी झाली की स्क्रीनवर भलतेसलते इशारे येतात आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. स्टेपनी नाहीच. मूळ टायर पंक्चर आपोआप बुजवणारे आहेत; साधे टायर टाकलेत तर पंप आणि सीलंट डिकीत ठेवा. पुढच्या सीट अरुंद आणि कडक; जाड माणसानं दोन तास बसून बघितल्याशिवाय सौदा करू नये.

मग एवढी गुणी गाडी कंपनीनं काय केली? 2023 मध्ये किंमत साडेसव्वीस हजार डॉलरच्या आसपास आली, खप सर्वाधिक झाला आणि त्याच डिसेंबरात उत्पादन बंद! त्याआधी 2019 मध्ये शेवरोलेच्याच व्होल्ट या प्लग-इन हायब्रिड गाडीचंही हेच झालं होतं. कंपनीचा तळेगावचा कारखाना आठवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही: 2008 मध्ये सुरू केला, 2017 मध्ये भारतातली विक्रीच थांबवली. पुढे कंपनीनं बोल्ट पुन्हा आणली. या नव्या बोल्टमध्ये 150 किलोवॅटचं चार्जिंग, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी आणि टेस्लाचा प्लग आहे, म्हणजे वरचं मुख्य दुखणं गेलं. ॲपल कारप्ले, म्हणजे आयफोनवरचे नकाशे वगैरे गाडीच्या स्क्रीनवर दाखवण्याची सोय, मात्र काढून टाकलं. जुन्या गाडीत स्वतःचा नकाशा नाही, पण फोन जोडला की काम भागतं. ती सोय काढायची कुणाला सुचली कोण जाणे.

घरी 240 व्होल्टची सोय असेल आणि रोजची धाव शंभर मैलांच्या आत असेल, तर जुनी बोल्ट बिनधास्त घ्या. अपार्टमेंटमध्ये राहून फक्त फास्ट चार्जरवर भिस्त असेल, तर नको.