प्रेमकथांची जुनी अमेरिकन कॉमिक्स: आठ महिने रोज वाचल्यानंतर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक जाडजूड पुठ्ठाबांधणीचा संग्रह मागवला. जो सायमन आणि जॅक कर्बी या जोडीने १९४०-५० च्या दशकांत केलेल्या प्रेमकथांतल्या निवडक कथा. फँटाग्राफिक्स प्रकाशनाने तो २०१२ साली काढला. जोडीला टॅबलेटवर डिजिटल कॉमिक म्युझियम या संकेतस्थळावरून उतरवलेले, हक्क संपलेले जुने अंक. आठ महिने झाले, रात्री जेवणं आटोपली की एक तरी कथा वाचतेच. घेण्याआधी कुणी मला सविस्तर सांगितलं असतं तर खूप मदत झाली असती, म्हणून हे लिहितेय.

मी शाळेत चित्रकला शिकवते. त्यामुळे पहिले दोन महिने मी कथा वाचल्याच नाहीत, नुसती चित्रं पाहिली. हे सांगायला हवं, कारण घाईने वाचलं तर ही कॉमिक्स एकसुरी वाटतात. मुलगी, मुलगा, गैरसमज, अश्रू, मिठी. पानं भराभर उलटली की एवढंच उरतं. एका चौकटीवर पाच मिनिटं थांबलात तर मात्र वेगळंच काही हाती लागतं.

उदाहरण म्हणून मॅट बेकर घ्या. १९२१ साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय चित्रकार न्यूयॉर्कच्या सेंट जॉन प्रकाशनासाठी 'टीन-एज रोमान्सेस' आणि 'पिक्टोरियल रोमान्सेस'सारख्या अंकांवर काम करायचा. त्याने काढलेले हात पाहा. माझ्या वर्गातली मुलं चित्रातल्या माणसांचे हात खिशात घालून टाकतात, नाहीतर पाठीमागे लपवतात, कारण हात जमत नाहीत. बेकरच्या बायकांचे हात मात्र सतत काहीतरी करत असतात. एखादी पर्सची कड घट्ट धरून उभी असते, एखादीची बोटं खुर्चीच्या पाठीवर नुसती टेकलेली असतात. चेहरा हसरा आणि बोटं आवळलेली, म्हणजे ही मुलगी खोटं बोलतेय हे बोलण्याच्या फुग्यातला मजकूर वाचायच्या आधीच कळतं. कपड्यांच्या चुण्याही तशाच: कापड कुठे ताणलंय, कुठे सैल सुटलंय, हे दोनचार रेषांत. बेकर १९५९ साली गेला, चाळिशीही गाठली नव्हती. आयुष्यभर गोरी जोडपी काढत राहिला, कारण बाजारात जवळजवळ तीच होती. फॉसेट प्रकाशनाने १९५० मध्ये कृष्णवर्णीय जोडप्यांच्या प्रेमकथांचं एक कॉमिक काढून पाहिलं, तेही तीन अंकांत थांबलं. हे कळल्यापासून बेकरची पानं मी वेगळ्या नजरेने पाहते.

रंगांबद्दल. टॅबलेटवर पान मोठं करून गालावर नजर न्या. त्वचेचा रंग असा तिथे काही नसतोच, असतात गुलाबी आणि पिवळे ठिपके. लाल, निळा, पिवळा, प्रत्येकाच्या ठरावीक छटा, त्यांच्या मिश्रणातून जेमतेम साठेक रंग, आणि वर काळी रेघ. कागद वर्तमानपत्राचा, किंमत १० सेंट. एवढ्या सामग्रीत रात्रीच्या दिव्याखालचा चेहरा दाखवायचा म्हणजे चित्रकाराची सगळी भिस्त काळ्या शाईवर. आठवीच्या वर्गात मी असं एक पान पडद्यावर लावलं आणि मुलांना फक्त तीन रंगपेन्सिली दिल्या. वर्षभरातला माझा सगळ्यात चांगला तास तो.

आता कथा. त्यांच्यात मी तिसऱ्या महिन्यात शिरले, ते आईमुळे. आई शेजारी बसून विचारायची, "अगं, ही का रडतेय?" मग मी मराठीत सांगत जायची. 'यंग रोमान्स' या सायमन-कर्बींच्या प्रेमकथांच्या कॉमिकचा पहिला अंक १९४७ चा. सायमन आणि कर्बी दोघं तेव्हा नुकतेच युद्धातून परतले होते. याच दोघांनी आधी कॅप्टन अमेरिका हा सुपरहिरो उभा केला होता. बायका 'आपबीती' छापणारी मासिकं एवढ्या आवडीने वाचतात, मग चित्रांत तशा कथा का नाहीत, हा सायमनचा विचार. प्रकाशकाकडून आगाऊ पैसे न घेता नफ्यात निम्मा वाटा, असा त्यांचा करार होता. अंक इतका खपला की दोनतीन वर्षांत बाजारात अशी शंभराहून जास्त नियतकालिकं आली.

पहिल्याच अंकातली टोनी बेन्सन कडक शिस्तीच्या आजीकडे वाढलेली. आईने ती कथा ऐकून आजीचीच बाजू घेतली आणि आमचा अर्धा तास वाद झाला. असा वाद होतो, कारण या कथांत प्रेमाइतकाच पैसा आहे, जात नाही पण वर्ग आहे, गावाची कुजबुज आहे, कामावरून दमून येणारी बाई आहे. युद्धानंतरच्या जर्मनीतली मुलगी आणि अमेरिकन सैनिक यांचीही एक कथा या जोडीने केलीय. पहिलं पान हमखास असं की पात्र थेट आपल्याकडे पाहून आपली हकीकत सांगायला लागतं आणि कथेचं नावही त्याच्याच बोलण्याच्या फुग्यात. पहिल्यांदा विचित्र वाटतं, नंतर त्याचीच वाट पाहावीशी वाटते.

सेंट जॉनसाठी डाना डच याने लिहिलेल्या कथा मला सर्वांत आवडल्या. चूक केली म्हणून मुलीचं आयुष्य उद्ध्वस्त झालं, असं तो दाखवत नाही. मुलगी नको त्या मुलाबरोबर जाते, फसते, शहाणी होते, घरी परत येते. बस. त्या काळात असं लिहायला धीर लागत असेल.

१९५४ नंतरचे अंक घेताना विचार करा. त्या वर्षी कॉमिक्सच्या दुष्परिणामांवर अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. प्रेमकथेत घराचं आणि विवाहाचं पावित्र्य ठसवायचं, घटस्फोट इष्ट म्हणून दाखवायचा नाही. चित्रं त्यानंतरही देखणी आहेत. डीसी या प्रकाशनासाठी जॉन रोमिता यांनी अनेक वर्षं असे चेहरे काढले आणि १९६६ पासून स्पायडर-मॅन काढताना तोच हात त्याची मैत्रीण मेरी जेन हिच्या चेहऱ्यात उतरला. पण कथांमधली धग गेली. शेवट दुसऱ्याच पानावर कळतो. आईने तर "हे वाचू नकोस, मागचंच काढ" असं सांगून टाकलं.

एक गोष्ट मनाला लागली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात रॉय लिश्टेनस्टाइन या चित्रकाराचं १९६३ चं बुडणाऱ्या मुलीचं प्रसिद्ध चित्र आहे. कॉलेजात आम्हाला ते शिकवलं होतं. ते आलंय १९६२ च्या 'सीक्रेट हार्ट्स' या डीसीच्या प्रेमकथांच्या कॉमिकमधल्या एका चौकटीतून. मूळ चौकट टोनी अब्रुझोची, अक्षरं आयरा श्नॅपची. मूळ चित्रात मागे उलटलेली होडी आहे, तिला धरून राहिलेला माणूस आहे. मुलीला पेटके आलेत आणि तरी ती त्याला हाक मारायला तयार नाही. लिश्टेनस्टाइनने होडी, माणूस, पेटके, सगळं काढून टाकलं, फुग्यातलं माणसाचं नावही बदललं. मोठ्या चित्राचा परिणाम मला मान्य आहे. पण अब्रुझोचं नाव मला कॉलेजात एकदाही ऐकायला मिळालं नाही. बहुतेक प्रकाशनं आतल्या पानांवर चित्रकाराचं नाव छापत नसत, त्याचा हा परिणाम.

छापील की पडद्यावर? संग्रहात मूळ जुनी पानं मिशेल गान्ये यांनी मेहनतीने स्वच्छ केलीत, रेषा ठसठशीत दिसते, अभ्यासासाठी तोच घ्या. माझी प्रत पोहोचली तेव्हा एक कोपरा दुमडलेला होता, विक्रेत्याने बदलून दिली नाही, म्हणून पार्सल उघडताना फोटो काढून ठेवा. पडद्यावरच्या अंकांत तपकिरी पडलेला कागद, जुन्या जाहिराती, सल्ल्याची पानं असं सगळं जसंच्या तसं मिळतं, तेही फुकट. डीसीचे अंक मात्र तिथे नाहीत, त्यांचे हक्क शिल्लक आहेत. लहान फोनवर वाचू नका, हात दिसत नाहीत.

सायमन-कर्बी जोडीच्या कथांचा २०१४ चा दुसरा खंड मागवलाय. तो येईपर्यंत आईला टोनी बेन्सनची कथा पुन्हा हवीय. उद्या रात्री ती.