बँकॉकचं मँडरिन ओरिएंटल, एका सोलापुरी टॉवेलवाल्याच्या नजरेतून

पहिलंच सांगून टाकतो, मी कुठल्याही हॉटेलात शिरलो की आधी बाथरूममध्ये जातो आणि टॉवेल हातात घेऊन बघतो, ही सवय काय आता जायची नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे लूम आहेत, वडलांपासूनचा धंदा. लोक खिडकीतून व्ह्यू बघतात, मी बॉर्डरची शिलाई बघतो. तर लग्नाला 25 वर्षं झाली म्हणून पोरीनं हट्टच धरला, पप्पा आईला घेऊन बँकॉकला जा आणि नदीकाठच्या त्या जुन्या ओरिएंटलमध्येच राहा, दोन रात्री का होईना. रेट बघून मला घाम फुटला. एका रात्रीचे रुपयात पन्नास हजाराच्या वर, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि मग त्या सगळ्या बेरजेवर परत सात टक्के व्हॅट, म्हणजे शंभराचे जवळजवळ एकशे अठरा होतात बघा. रेटच्या पुढं प्लस प्लस लिहिलेलं असतं ते हेच, आधी धरून चला, नाहीतर शेवटी बिल बघून तोंड पडतं.

सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघालो, मुंबईतून पुढं विमान, साधारण साडेचार तास. आधी तीन रात्री साध्या हॉटेलात काढल्या आणि मग इकडं निघालो. बुकिंग आमच्या इथल्याच एका एजंटानं केलेलं (नाव नको, रोज तोंड बघायचंय), त्यानं कागदावर नुसतं ओरिएंटल हॉटेल, बँकॉक एवढंच छापून दिलं. टॅक्सीवाल्याला ते काय कळेना. भलत्याच एका हॉटेलसमोर नेऊन उभं केलं त्यानं आम्हाला, बॅगासुद्धा उतरवल्या. तिथला वॉचमन आला, त्यानं कागद बघितला आणि हसून टॅक्सीवाल्याला म्हणाला, ओरिएन्तेन! थाई लोक शब्दाच्या शेवटचा ल हा न म्हणतात, त्यामुळं ओरिएंटल म्हणून घसा कोरडा केलात तरी उपयोग नाही, ओरिएन्तेन म्हणा, लगेच कळतं. चारोन क्रुंग रोडवरून आत गल्लीत वळायचं, गल्ली अशी की वाटतं परत चुकलो, आणि एकदम समोर हॉटेल.

लॉबीत देवळातल्या घंटेच्या आकाराचे लाकडी दिवे टांगलेत, एकेक आमच्या घरातल्या कपाटाएवढा. ऑर्किडची फुलं इतकी की बायको म्हणाली इथं कुणाचं लग्नबिग्न आहे का. चेक-इनला काउंटरवर ताटकळत उभं करत नाहीत, खोलीतच नेऊन कागद पूर्ण करतात. प्रत्येक मजल्याला बटलर असतो, चोवीस तास. बटलर म्हटल्यावर मला आधी टेन्शनच आलं, म्हटलं आता हा सारखा मागं उभा राहणार आणि आपल्याला धड मांडी घालून बसता येणार नाही. पण तो माणूस दिसतच नाही बे! तुम्ही बाहेर पडला की खोली आवरलेली, परत आला की बर्फ ठेवलेला, आणि हे सगळं कधी झालं त्याचा पत्ता नाही.

आता टॉवेल. सौ. समोर नव्हती तोवर मी बॅग तोलायचा हूकवाला काटा काढला आणि अंघोळीचा मोठा टॉवेल लटकवला. साडेसहाशे ग्रॅमच्या पुढं भरला, वितीनं लांबी-रुंदी मोजून हिशोब केला तर सहाशेच्या आसपास जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम. आमचा रोजचा जो माल बाजारात जातो तो साडेतीनशे-चारशेचा असतो. नुसत्या वजनाला भुलू नका पण. नवा टॉवेल दुकानात मऊमऊ लागतो तो बऱ्याचदा फिनिशिंगच्या सिलिकॉनमुळं, अंगाला लावला तर पाणी नुसतं इकडून तिकडं फिरवतो. हा पाणी प्यायचा. लूप सगळे एका उंचीचे, कुठं ओढलेला नाही, आणि मेन म्हणजे बॉर्डर आकसलेली नव्हती. धुऊन धुऊन बॉर्डर आकसली की टॉवेल टोकाला कमरेत आवळल्यासारखा दिसतो, भल्याभल्या हॉटेलात बघितलाय मी तो प्रकार. काटा हातात असतानाच सौ. आली, "अहो, ठेवा ते! कुणी बघितलं तर म्हणतील चोरायला आलेत." ठेवला बाबा.

खोली नदीच्या बाजूचीच घ्या, पैसे तिथंच आहेत, बाकी गादी-उशी कुठंही मिळते. चाओ फ्राया नदी म्हणजे आपल्या भीमेसारखी उन्हाळ्यात वाळू दाखवणारी नाही, बारा महिने तट्ट भरलेली आणि दिवसभर वर्दळ. लांब शेपटीच्या इंजिनाच्या होड्या, प्रवासी बोटी, आणि एकामागं एक बांधलेले अवजड बार्ज, त्यांना ओढणारी चिमणीएवढी टग बोट. मी सकाळी पाचलाच उठून खिडकीत बसलो (आपल्याकडं तेव्हा साडेतीन, झोप कशी लागली नाही कोण जाणे). पाण्यावरून जलपर्णीचे हिरवे पुंजके वाहत चाललेले, जलपर्णी बघून एकदम आपल्या उजनी धरणाची आठवण आली, म्हटलं एवढे पैसे भरून इथं पण तीच! गंमत अशी की सकाळी ते पुंजके एकीकडं जात होते आणि दुपारी बघतो तर उलटे परत येतायत. बायकोला म्हटलं माझं डोकं फिरलंय का बघ. नंतर कळलं, समुद्र जवळ असल्यानं भरतीचं पाणी इथपर्यंत चढतं आणि नदीच उलटी वाहायला लागते. पाच दिवसाआड नळाला पाणी येणाऱ्या गावचा माणूस मी, मला ते दोन दिवस पुरलं नुसतं बघायला.

नाश्ता नदीकाठच्या व्हरांड्यात. फळं, ब्रेड, अंडी, थाई, चायनीज सगळं असतं, पण सौ. पक्की शाकाहारी आणि थाई जेवणात माशाचा सॉस कशातही असतो, साध्या भाजीतसुद्धा. एक शब्द पाठ करून जा, जे. म्हणजे मांस-मासे काही नको. रस्त्यावरच्या गाड्यांवर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात तोच शब्द लिहिलेला असतो. हॉटेलात एकदा सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी परत सांगावं लागलं नाही, वेगळ्या पोरीनं येऊन आपणहून विचारलं. तरी दुसऱ्या रात्री आम्ही घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगा चटणी काढलीच. बटलरला म्हटलं थोडं दही मिळेल का, तर त्यानं दही आणलं, सोबत दोन चिनी मातीच्या प्लेटा, कापडी नॅपकिन आणि कांदा कापून! कांदा मागितला नव्हता. त्यानं कडक भाकरी हातात घेऊन वाजवून बघितली आणि किती दिवस टिकते विचारलं. महिना-दोन महिने म्हटल्यावर त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

हॉटेल 1876 पासूनचं, आणि आत जी पांढरी जुनी इमारत आहे ती 1887 ची. साधारण आपली सोलापूरची जुनी मिल (कापडगिरणी) सुरू झाली त्याच काळातलं. मिल बंद पडून जमाना झाला, आता नुसतं कंपाउंड नावाला उरलंय, आणि हे अजून चालू, म्हणून त्या इमारतीत मला जरा जास्तच वेळ लागला. तिथं लेखकांच्या नावाचा लाउंज आहे, वरून काचेचं छत, वेताच्या पांढऱ्या खुर्च्या, दुपारचा चहा मिळतो. इंग्रज लेखक सॉमरसेट मॉम 1923 मध्ये मलेरिया घेऊन इथं पडला होता आणि मॅनेजरबाईला काळजी ही की हा आपल्या हॉटेलात मरायला नको. आता त्याच्याच नावाचा सूट आहे, त्याचा रेट मी विचारला नाही. चहा म्हणजे तीन मजली स्टँडवर छोटे छोटे केक-सँडविच, दिसायला झकास, पण आपल्याला काय, चहासोबत भजी लागतात.

मला खरी गोडी लागली ती दुसऱ्याच गोष्टीत. दुसऱ्या महायुद्धानंतर हे हॉटेल परत उभं करायला जे लोक एकत्र आले त्यात जिम थॉम्पसन नावाचा अमेरिकन होता. इथलं त्याचं काय जमलं नाही, पण त्यानं थाई रेशमाचा धंदा असा उचलला की जगभर माल गेला. विणणारे बान क्रुआ वस्तीतले, चाम मुसलमान, घराघरात माग. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली (विणकर समाजाच्या) लोकांनी जसे माग टाकले, डिट्टो तसंच. कालव्याच्या अलीकडं त्याचं सागवानी घर, पलीकडं विणकरांची वस्ती. घर आता म्युझियम आहे, आम्ही जाऊन आलो. 1967 मध्ये तो मलेशियात फिरायला गेला आणि गायबच झाला, आजपर्यंत पत्ता नाही. तिथून येताना सौ.नं एक रेशमी स्टोल घेतला, किंमत सांगत नाही, फक्त ताणा-बाणा दोन्ही बघून घेतलाय.

हॉटेलची स्वतःची लाकडी बोट आहे, साथोर्नच्या धक्क्यापर्यंत फुकट सोडते, वरच स्कायट्रेनचं स्टेशन. स्पा आणि थाई जेवणाचं एक रेस्टॉरंट नदीच्या पलीकडच्या काठाला आहे, तिकडं पण बोटीनंच जायचं. रात्री तिथं थाई नाच बघत जेवलो. संध्याकाळच्या रेस्टॉरंटात हाफ चड्डी, रबरी चप्पल चालत नाही, फुल पँट आणि बूट न्या. आम्ही येता-जाता उगीचच चार-पाच फेऱ्या मारल्या बोटीनं, बोटवाल्या पोरानं शेवटी ओळख ठेवून हात केला. आणखी एक, सिलोम रोडवर मारिअम्मनचं तमिळ देऊळ आहे, चालत पंधरा-वीस मिनिटं, सौ.ला परदेशात कुंकू-हार बघून बरं वाटलं.

मुलंबाळं घेऊन, दिवसभर बाहेर शॉपिंग करून नुसतं झोपायला यायचं असेल तर इथं पैसे घालू नका, शहरात निम्म्याहून कमी पैशात चांगली हॉटेलं आहेत. आम्ही जे केलं ते बरं पडलं, आधी तीन रात्री साध्या हॉटेलात राहून गाव बघून घेतलं आणि शेवटच्या दोन रात्री इथं, हॉटेल सोडून फार कुठं गेलोच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, एप्रिलचं ऊन आपल्यासारखंच असतं आणि वर घामाची चिकचिक.

निघताना बटलरला आमच्या कारखान्याचा एक टॉवेल दिला, जॅकार्डमध्ये मोर विणलेला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला, हात जोडले, आणि मग बोटांनी बॉर्डर चाचपून बघितली. सौ. म्हणाली, "झालं, तुमच्यासारखाच दिसतोय हा पण."