माइनक्राफ्ट एज्युकेशन वर्गात आठ महिने वापरून पाहिलं, त्याचा अनुभव

आधीच सांगून टाकते, मी गेम खेळणारी बाई नाही. सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. माइनक्राफ्ट हे नाव मला मुलांच्या तोंडूनच कळलं. घनफळाचा धडा चालू होता, फळ्यावर इष्टिकाचिती काढून मागच्या कडा तुटक रेषांनी दाखवत होते, तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, "बाई, हे तर आम्ही रोज बांधतो." त्या एका वाक्यापायी माझे पुढचे आठ महिने गेले.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मूळ गेम २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात आला आणि शाळांसाठीची आवृत्ती २०१६ मध्ये. सगळं जग ठोकळ्यांचं, ठोकळे फोडायचे आणि रचायचे. शाळेच्या आवृत्तीत शिक्षकाला जास्तीच्या किल्ल्या मिळतात: कुठे बांधायला परवानगी आणि कुठे नाही ते ठरवणं, सगळ्यांना एका जागी खेचून आणणं, माहिती सांगणारी पात्रं उभी करणं. शिवाय कॅमेरा आहे, लिहायची वही आहे, कोड लिहून हलवायचा एक छोटा रोबो आहे. आत शिरायला शाळेकडून मिळालेलं मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. आमची ३२ मुलं, १६ लॅपटॉप, आठवड्याला दोन तास.

पहिला महिना सरळ वाया गेला, आणि दोष माझाच. मी एक सपाट जग उघडून दिलं आणि म्हटलं, "प्रत्येक जोडीने एक घर बांधा." दहा मिनिटांत कोणीतरी लाव्हारस ओतला. आग पसरण्याची सोय बंद करायची असते हे मला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे लाकडाची सगळी घरं एका ओळीने पेटली. अर्धा वर्ग रडवेला, अर्धा टाळ्या वाजवतोय. नंतर वाचलं की डेन्मार्कच्या सरकारी नकाशा विभागाने २०१४ मध्ये अख्खा देश या गेममध्ये १:१ मापात उभा केला होता. त्यांनी स्फोटकं बंद ठेवली, पण स्फोटकं भरलेली खाणगाडी बंद करायची राहून गेली, आणि लोकांनी काही भाग उडवून दिले. तिथे एका देशाच्या सरकारची ही गत, मी तर एकटी बाई. तेवढंच समाधान.

दुसरा धडाही असाच शिकले. सगळ्यांचं एकत्र जग ज्या यंत्रावर उघडलेलं असतं, त्याच यंत्रावर ते साठवलं जातं. ते यंत्र बंद झालं की बाकी सगळे बाहेर. मी फळ्याकडे जाताना सवयीने लॅपटॉपचं झाकण लावलं आणि मागून सगळ्या जोड्यांचा एकदम आरडाओरडा. त्या दिवसापासून माझा लॅपटॉप तास संपेपर्यंत उघडा असतो आणि तास संपला की जगाची एक प्रत वेगळी काढून ठेवते.

आता जिथे खरी मजा आहे तिथे येते.

या जगातला प्रत्येक ठोकळा एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. म्हणजे एक घनमीटर. आणि बहुतेक ठोकळ्यांची थप्पी ६४ ची, म्हणजे सामानाच्या एका खणात ६४ मावतात. हे दोन आकडे हातात आले तेव्हा मला धडा सापडला. प्रत्येक जोडीला मोजून ६४ ठोकळे दिले आणि सांगितलं: सगळे वापरून एक भरीव इष्टिकाचिती करा, पण तिला बाहेरून रंग द्यायचा तर कमीत कमी रंग लागला पाहिजे. कोणी ६४ ठोकळ्यांचा उभा खांब केला: पृष्ठफळ २५८. कोणी ८ × ८ ची फरशी: १६०. कोणी २ × ४ × ८: ११२. शेवटी बहुतेक जण ४ × ४ × ४ वर आले, ९६. हे पाठ्यपुस्तकातलं उत्तर. मी खूश होऊन फळ्यावर लिहायला वळले.

तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "बाई, खालची बाजू जमिनीला टेकलीय. तिला कोण रंग देणार?"

बरोबर होतं तिचं. खालची बाजू सोडली तर घनाचे उरतात ८०. आणि ४ × ८ चा तळ घेऊन दोनच थर उंच बांधलं, तर वरचे ३२ आणि बाजूंचे ४८, तेही ८०! दोन वेगळ्या आकारांची बरोबरी. मला हे आधी माहीत नव्हतं. वहीत आकृती काढून शिकवताना खालची बाजू 'जमिनीला टेकलेली' कधी वाटतच नाही, कारण वहीत जमीन नसते. त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

याच खेळात एका जोडीने लबाडी केली. बाहेरून ४ × ४ × ४, आतून पोकळ. त्यांच्या खिशात ठोकळे शिल्लक दिसले म्हणून पकडले गेले. किती शिल्लक? आठ. मग आठच का, सात किंवा नऊ का नाही, यावर अर्धा तास गेला. आत २ × २ × २ ची पोकळी मावते हे शेवटी लबाडी करणाऱ्यांनीच वर्गाला समजावलं. शिक्षा वगैरे मी विसरूनच गेले.

ऋण संख्यांचंही तसंच. गेममध्ये आपण कुठे उभे आहोत ते तीन आकड्यांत दिसतं, फक्त ती सोय आधी सुरू करावी लागते. समुद्राची पातळी ६३ च्या आसपास, जगाचा तळ उणे ६४ ला. हिरे जास्त सापडतात ते उणे ५९ च्या आसपास. मी विचारलं, समुद्रकाठावरून हिऱ्यांपर्यंत किती ठोकळे खाली जायचं? वर्गाच्या निम्म्या वह्यांत उत्तर: ४. एका पठ्ठ्याने खरंच चार ठोकळे खणले आणि ओरडला, "बाई, ५९ वर आलो, हिरा कुठाय?" शेजारी म्हणाला, "अरे, उणे विसरलास." मग त्याने १२२ मोजत खाली जायला घेतलं. वजाबाकीत उणे चिन्ह गाळणं ही माझ्या वर्गाची जुनी खोड. ती पूर्ण गेली असं म्हणणार नाही, पण आता कोणी गाळलं की बाकीचे "हिरा कुठाय?" म्हणून ओरडतात.

एक खबरदारी मात्र घ्या. इथे उंची म्हणजे वाय. पूर्वेकडे गेलं की एक्स वाढतो, दक्षिणेकडे गेलं की झेड वाढतो, म्हणजे उत्तरेकडे चालताना झेड कमी होत जातो. आलेखाच्या कागदावर वाय-अक्ष आणि नकाशावर उत्तर 'वर' पाहायची सवय असलेल्या मुलांचा यात पार गोंधळ उडतो. मी दोन तास यातच घालवले. आता जमिनीवर बाणांच्या पाट्या लावूनच सुरुवात करते.

विज्ञानाचं काय? इथे माझं मत जरा कडू आहे. रेडस्टोन नावाची एक लाल पूड असते, ती तारेसारखी पसरली की दिवे लागतात, दारं उघडतात. सगळीकडे ती वीज शिकवायला सुचवली जाते. मी शिकवली आणि पस्तावले. या पुडीला परत यायची वाटच लागत नाही. एका टोकाला कळ, दुसऱ्या टोकाला दिवा, की झालं काम. परिपथ पूर्ण असावा लागतो, हे मी महिनाभर बॅटरी आणि बल्ब घेऊन शिकवलेलं, ते एका तासात पुसलं गेलं. पुढच्या चाचणीत चार जणांनी एकाच तारेने बल्ब पेटवला.

पण तीच पूड तर्क शिकवायला फार चांगली. संदेशाची ताकद १५ पासून सुरू होते आणि दर ठोकळ्याला एकने घटते, पुढे न्यायचा तर मधे रिपीटर, म्हणजे संदेशाला पुन्हा पूर्ण ताकद देणारा ठोकळा, ठेवावा लागतो. रेडस्टोनची मशाल मिळालेला संदेश उलटा करते. एवढ्यावर 'दोन्ही कळा दाबल्या तरच दार उघडेल' असं दार मुलांनी स्वतः जुळवलं. सत्यता-सारणी, म्हणजे कोणत्या कळा दाबल्या की काय होतं याचा तक्ता, हा शब्द मी नंतर सांगितला. तोवर ती त्यांच्या वहीत आलेलीच होती.

गेममधल्या रसायनाच्या यंत्रांबद्दल चटकन: प्रोटॉनची संख्या बदलली की मूलद्रव्य बदलतं, हे सरकपट्टीने दाखवणं छान आहे. संयुगं करायचं यंत्र मला नाही पटलं. सोडियम टाका, क्लोरीन टाका, मीठ हातात. ना उष्णता, ना वास, ना भीती.

मग मी उलटा डाव टाकला. वहीच्या शेवटच्या पानावर शीर्षक दिलं: 'गेम कुठे खोटं बोलतो'. माझ्या मते विज्ञानासाठी या गेमचा हाच सर्वांत चांगला वापर. झाडाचं खोड तोडलं तरी वरचा पसारा हवेत लटकतो. वाळू खाली पडते, दगड पडत नाही. २ × २ च्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी तिरपं ओतलं की त्यातून कितीही उपसा, कमीच होत नाही. आणि सगळ्यात गाजलेली नोंद सोन्याची. सोन्याची घनता घनमीटरला १९,३०० किलो, म्हणजे एक ठोकळा १९.३ टनांचा. खेळाडूकडे सामानाचे ३६ खण, प्रत्येकात ६४, एकूण २३०४ ठोकळे. म्हणजे ४४ हजार टनांहून जास्त सोनं घेऊन हा गडी उड्या मारतोय! हा गुणाकार मी फळ्यावर करून दाखवला नाही, घरून करून आणा असंही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सहा जण आपणहून करून आले.

इतिहासाच्या बाईंच्या आग्रहाने गिझाचा मोठा पिरॅमिड बांधायला घेतला. इतिहास म्हणून तो तास फसला, हे कबूल करते. चार तास मुलं विटांचा रंग, मशाली, गुप्त दारं यांतच रमली. तो कोणी बांधला आणि कशासाठी, हे विचारल्यावर सन्नाटा. ठोकळा जिथे स्वतः माप असतो तिथे हा गेम कामाचा, तो नुसती सजावट झाला की तासाचा सत्यानाश, हे माझं मत तिथे पक्कं झालं.

पण बांधकाम मी सोडलं नाही, गणितात ओढून आणलं. खरा पिरॅमिड तळाशी सुमारे २३० मीटर, मूळ उंची १४६ मीटरच्या वर. आम्ही दहापट लहान करायचा ठरवला: तळ २३, उंची १५. मुलांनी प्रत्येक थर दोन्ही बाजूंनी एकेक ठोकळा आत घेत नेला: २३, २१, १९… आणि बाराव्या थरालाच टोक आलं. तीन थर कमी! बराच वेळ सगळे 'मोजायला चुकलो' म्हणत राहिले. कोणीच चुकलं नव्हतं. एक आत, एक वर असं बांधलं की उतार ४५ अंशांचा होतो आणि खरा पिरॅमिड त्याहून चढा आहे, साधारण ५२ अंश. चढ म्हणजे गुणोत्तर, हे सांगायला मला याहून चांगलं उदाहरण आजवर मिळालेलं नाही.

त्या बुटक्या पिरॅमिडचे ठोकळेही मोजले: १ ते २३ पर्यंतच्या विषम संख्यांच्या वर्गांची बेरीज, २३००. पिरॅमिडच्या घनफळाच्या सूत्राने २११६ येतात. जास्तीचे कुठून आले? बाहेर आलेल्या पायऱ्यांमधून. आणि कोणाच्या तरी लक्षात आलं की खिशात मावतात २३०४, म्हणजे पिरॅमिड बांधून चारच उरणार. या योगायोगावर वर्ग इतका खूश झाला की शेजारच्या वर्गातून निरोप आला.

काही गोष्टी या गेमच्या आवाक्याबाहेरच्या. घरी खेळणारी आणि कधीच न खेळलेली मुलं यांच्यातली दरी पहिल्या दिवसापासून दिसते. मी जोडीत कामं वाटली, एकाच्या हातात यंत्र, दुसऱ्याच्या हातात वही आणि नकाशा, दर दहा मिनिटांनी अदलाबदल. तरी सराईत हात कळफलक सोडायला तयार नसतात, लक्ष ठेवावं लागतं. दोन मुलींना पडदा बघून गरगरायचं. चालताना दृश्य हलण्याची सोय बंद केल्यावर एकीचं थांबलं, दुसरी कायम वहीवालीच राहिली. आणि निकाल फक्त बांधकाम बघून लावू नका. सर्वांत देखणा घन बांधणाऱ्या जोडीला पृष्ठफळ आणि घनफळातला फरक सांगता आला नव्हता.

परवान्याची सोय नसेल तर लुआंटी हा मुक्त आणि मोफत पर्याय आहे. २०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. मी आठवडाभर चाळून पाहिला. घनफळाचे धडे तिथेही चालतील, पण शाळेसाठीच्या तयार किल्ल्या हाताने जुळवाव्या लागतात. आणि तिथे थप्पी सहसा ९९ ची, म्हणजे माझा ६४ चा लाडका धडा बोंबलला.

पुढच्या वर्षी परत घेणार का? घेणार, पण आठवड्याला एकच तास, आणि फक्त घनफळ, पृष्ठफळ, ऋण संख्या, गुणोत्तर एवढ्यासाठीच. वीज बॅटरी-बल्बवर.

पिरॅमिडचे राहिलेले तीन थर अजून बसायचेत. एक गट म्हणतो चौथा, आठवा आणि बारावा थर दोनदा घाला. दुसऱ्या गटाचं म्हणणं, बारावा दोनदा घातला तर वर अँटेना दिसेल. दोन्ही गटांनी आपापली प्रत बांधून आणायची ठरलंय, आणि मोजणार कोण, तर म्हणे बाई.