साइट वर्ड्सचा घरी सराव: फ्लॅशकार्ड, चौकटी, पुस्तक की अ‍ॅप?

मुलाला इंग्रजीतले ‘द’, ‘वॉज’, ‘सेड’ असे साइट वर्ड्स, म्हणजे वाचनात सतत येणारे आणि पाहताक्षणी ओळखायचे शब्द, न अडखळता वाचता यावेत म्हणून बहुतेक पालक आधी फ्लॅशकार्डांचा गठ्ठा आणतात. कार्डं उजळणीसाठी उत्तम, पण नवा शब्द शिकवायला कच्ची. मूल पुष्कळदा शब्द वाचतच नाही. पहिलं अक्षर, शब्दाची लांबी, नाहीतर कार्डाचा दुमडलेला कोपरा लक्षात ठेवतं. तोच शब्द पुस्तकात आला की गाडी अडते.

नव्या शब्दासाठी आमची पसंती चौकटींना. ‘सेड’ घ्या. मुलाने शब्द मोठ्याने म्हणायचा आणि एकेका आवाजाला एकेक बोट उघडायचं: तीन आवाज, म्हणून कागदावर तीन चौकटी. पहिलीत ‘एस’, शेवटचीत ‘डी’. हे दोन्ही नेहमीसारखेच. मधल्या एकाच आवाजासाठी ‘ए’ आणि ‘आय’ अशी दोन अक्षरं बसतात. तेवढ्याच चौकटीवर बदाम काढा, कारण पाठ करायचा भाग फक्त तो. मग कागद झाकून शब्द आठवून लिहायला सांगा. तीन-चार मिनिटांत एक शब्द होतो. अट एकच: अक्षरांचे आवाज आधी यायला हवेत. ते कच्चे असतील तर ‘द’, ‘आय’ असे दोन-चार शब्द ठेवून बाकी यादी सध्या बाजूला ठेवा.

यादीचं दडपण तसंही घ्यायला नको. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडवर्ड डॉल्च यांच्या साइट वर्ड्सच्या 1936 च्या यादीत 220 शब्द आहेत, पण ‘कॅन’, ‘बिग’, ‘रन’, ‘जंप’ यांसारखे कितीतरी सरळ आवाज जोडून वाचता येतात. ते पाठ करून घेऊ नका.

कार्डं दुसऱ्या दिवसापासून काढा: सात येणारी, तीन नवी, दर वेळी पिसून. तीन सेकंदांत उत्तर आलं नाही तर शब्द सांगा, मुलाकडून वाचून घ्या आणि ते कार्ड दोन कार्डांमागे खोचा. ‘वॉज’ आणि ‘सॉ’ एकाच आठवड्यात नकोत. तीच तीन अक्षरं उलट्या क्रमाने असल्यामुळे दोन्हींचा गोंधळ होतो.

कार्डावर वाचणारं मूल पुस्तकात अडखळत असेल तर वाक्यांकडे वळा. ‘फ्रॉम’ किंवा ‘ऑफ’ला सुटा अर्थ दाखवता येत नाही, तो वाक्यातच कळतो. फक्त चित्र पाहून अंदाज बांधला जातो, म्हणून आधी चित्र हाताने झाका, वाचून झाल्यावर उघडा.

अ‍ॅप सगळ्यांत शेवटी. चार पर्यायांतून शब्दावर बोट ठेवणं म्हणजे ओळखणं. वाचताना तो स्वतःहून आठवावा लागतो. प्रवासात पाच मिनिटं चालेल, रोजच्या सरावाऐवजी नाही.

वेगवेगळ्या तीन दिवशी, कार्डावर आणि पुस्तकात, न थांबता वाचला की तो शब्द गठ्ठ्यातून काढा आणि नवा घाला.